परागकणांवरून प्राचीन हवामानाचे अनुमान

काव्यात पराग कोमलतेचे प्रतीक म्हणून येतो. प्रत्यक्षात परागकणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत चिवट द्रव्याचे असते. सरोवराच्या तळाशी, प्राणवायू न पोहोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. गाळ थरांवर थर असा साचतो. म्हणून सामान्यतः खालचा थर जुना असतो. अभ्यासक गाळाचा उभा नमुना काढतात, त्यातील खनिजद्रव्य आम्लांनी विरघळवतात आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजतात. थरांचे वय प्रामुख्याने कार्बन-१४ पद्धतीने ठरते. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये अशा मोजणीचे आलेख मांडून या पद्धतीचा पाया घातला.

एखाद्या वनस्पतीला आज जसे हवामान मानवते, तसेच पूर्वीही मानवत असावे, या गृहीतावर पुढील अनुमान उभे असते. येथे सावधगिरी हवी. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचे कण गाळात विपुल असतात. कीटकांवर अवलंबून असणाऱ्यांचे तुरळक. ताम्रपटांत दानविषयक शब्द पुष्कळ आढळतात, म्हणून त्या काळचे लोक सदैव दानाविषयीच बोलत होते, असे आपण म्हणत नाही. परागांच्या संख्येलाही हाच न्याय लागू आहे.

राजस्थानचे उदाहरण पाहा. गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना व लुणकरणसर येथील खाऱ्या सरोवरांच्या गाळातील पराग अभ्यासले. सिंधू संस्कृतीचा उत्कर्ष अधिक पावसाशी आणि ऱ्हास कोरड्या हवामानाशी निगडित असावा, असे त्यांनी १९७१ मध्ये प्रतिपादन केले. १९९९ मध्ये लुणकरणसरच्या गाळाचे अधिक बारकाईने केलेले कालमापन प्रसिद्ध झाले. त्यानुसार इ.स.पू. २६०० च्या सुमारास या संस्कृतीची नागर अवस्था सुरू झाली, त्यापूर्वी कित्येक शतके ते सरोवर आटले होते. म्हणजे नगरे कोरड्या काळातच भरभराटीस आली. पाऊस आणि नगरांचे भवितव्य यांची सरळ सांगड त्यामुळे शंकास्पद ठरली. गाळात पराग सापडले होते, हे मात्र अबाधित राहिले.

म्हणून शास्त्रीय गद्य वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘आढळले’ हे निरीक्षणाचे क्रियापद आहे, ‘असावे’ हे अनुमानाचे. एकाच्या जागी दुसरे आले की तर्क वस्तुस्थितीच्या वेषात वावरू लागतो.

स्वयं-अध्ययन : वरील विवेचनातील निरीक्षणे व अनुमाने दोन स्वतंत्र रकान्यांत मांडा.