तापीकाठची नगरे आणि नदीचे उतार

गोदावरीच्या काठाने नाशिक, पैठण व नांदेड पाहून आलेला अभ्यासक तापीकडे वळला, की प्रथम त्याची निराशा होण्याचा संभव असतो. तेथे घाट, पायऱ्या आणि पाण्यालगत उभी असलेली देवालये यांची रांग डोळ्यांसमोर असते; येथे नदी मातीच्या उंच, तुटलेल्या कडांच्या मध्ये खोल गेलेली दिसते आणि गाव तिच्यापासून अंग चोरून वर बसलेले असते. तापीकाठ ही तीर्थांची ओळ समजून पाहिला तर त्यात फारसे काही नाही, असे वाटू लागते. परंतु तो ओलांडण्याच्या जागांची ओळ म्हणून पाहिला, तर थाळनेर, बऱ्हाणपूर, चांगदेव, प्रकाशे ही स्थळे एकमेकांशी बोलू लागतात. खानदेशातील नदीकाठची नगरे कोणत्या ठिकाणी वसली आणि का वसली, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ‘उतार’ या एका शब्दात आहे.

तापी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुमारे 724 किलोमीटर वाहते व सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस खानदेशची सपाटी यांमधून ती पश्चिमवाहिनी जाते. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई, तर उत्तरेकडून अनेर, अरुणावती व गोमाई या तिला मिळणाऱ्या प्रमुख नद्या होत. खोऱ्यात गाळाच्या मातीचे थर फार जाड आहेत. त्यामुळे काठ धारदार कापले जातात, ठायी ठायी घळी पडतात आणि बैल, गाडी वा घोडा पाण्यापर्यंत उतरू शकेल अशा जागा मोजक्याच राहतात. उपनदी येऊन मिळते तेथे काठ फोडला जातो आणि गाळ साचून पात्र पसरते. म्हणून संगम आणि उतार पुष्कळदा जवळ जवळ आढळतात. संगमाचे पावित्र्य आधीचे की उताराची सोय आधीची, हा वाद येथे घालण्याचे प्रयोजन नाही. दोन्हींचा मुक्काम एकाच ठिकाणी होता, एवढे पुरे.

या दृष्टीस प्रवासवृत्तांचा चांगला आधार मिळतो. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा 1615 च्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या रस्त्याचे मुक्काम नोंदून ठेवले. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर असा हा क्रम आहे. नवापूरच्या तांदळास शिजताना कस्तुरीसारखा वास येतो, हेही ताव्हेर्निए सांगावयास विसरलेला नाही. आता हे मुक्काम नकाशावर मांडून पाहावेत. शिंदखेडा तापीच्या दक्षिणेस आहे, थाळनेर व चोपडा उत्तरेस. म्हणजे सुरत-बऱ्हाणपूर हा हमरस्ता शिंदखेडा व थाळनेर यांच्या दरम्यान नदी ओलांडीत होता. रोचा प्रवास पावसाळा सरल्यावर झाला, हेही ध्यानात घ्यावे. पुराच्या महिन्यांत उतार बंद, आणि उतार बंद म्हणजे व्यापार मंद, असे या रस्त्याचे वार्षिक चक्र होते.

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील थाळनेर हे गाव आज शांत दिसते. त्याचे पूर्ववैभव कळण्यास नदीकडच्या बाजूने किल्ल्याची जागा पाहणे अवश्य आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने 1370 मध्ये थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा फारुकी यास दिला. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानास मलिक राजाने अन्न दिले आणि त्याचे हे बक्षीस, अशी कथा फेरिश्ता सांगतो. कथा खरी असो वा नसो, ज्याच्या हाती थाळनेर त्याच्या हाती नदी ओलांडण्याचा नाका, हे दिल्लीस ठाऊक असले पाहिजे. फारुकी घराण्याचा आरंभ येथून झाला, आणि त्या घराण्यातील कबरी गावाजवळ आजही पाहावयास मिळतात. मलिक राजा 1399 मध्ये वारला. त्याच्या मागे थाळनेर एका पुत्राकडे व उरलेले राज्य दुसऱ्याकडे गेले. थोरला पुत्र नसीरखान याने 1417 मध्ये माळव्याच्या मदतीने धाकट्याकडून थाळनेर काढून घेतले. सख्ख्या भावांनी ज्यासाठी परक्या फौजा बोलवाव्या, ते ठिकाण किरकोळ असणार नाही.

या किल्ल्याची शेवटची लढाई 27 फेब्रुवारी 1818 रोजी झाली. मंदसोरच्या तहान्वये होळकरांनी सोडून दिलेला हा किल्ला ताब्यात घेण्यास सर टॉमस हिस्लॉपची फौज आली असता तो सहजासहजी मिळाला नाही. दरवाजात झालेल्या झटापटीत इंग्रज अधिकारी पडले, त्यानंतर आतील शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी देण्यात आले. या फाशीचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. पेंढाऱ्यांच्या व मराठ्यांच्या मोहिमेचे अभिनंदन करताना या कृत्याबद्दल तेथे आक्षेप घेतला गेला. थाळनेरला जाणाऱ्या सहलीत कबरींइतकाच वेळ या दरवाजाच्या जागेस दिला पाहिजे.

थाळनेर मागे पडून बऱ्हाणपूर पुढे का आले? नसीरखानाने असीरगड हस्तगत केला, आणि असीरगड म्हणजे सातपुड्यातील त्या खिंडीची किल्ली, जिच्यातून नर्मदेकडील वाट तापीच्या खोऱ्यात उतरते. गड हाती आल्यावर त्याच्या पायथ्यापासून एका मजलेवर, नदीच्या उतारापाशी नगर वसविणे ओघानेच आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर काठावर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावे बऱ्हाणपूर आणि समोरच्या काठावर झैनुद्दीन यांच्या नावे झैनाबाद वसले. दोन काठांवर समोरासमोर दोन वसाहती, हीच उताराची साक्ष होय. झैनाबादेस 1631 मध्ये मुमताजमहलचे प्रथम दफन झाले. नगरात मात्र सर्वांत मोलाची वस्तू जामा मशिदीत आहे. राजा अलीखान फारुकी याच्या काळातील या इमारतीत अरबी लेखासमवेत संस्कृत लेखही कोरलेला असून त्यात शक, संवत् व हिजरी या तिन्ही कालगणना दिल्या आहेत. सीमेवरच्या राज्याला आपल्या प्रजेशी कोणत्या भाषेत बोलावे लागते, हे यावरून कळते. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले.

बऱ्हाणपूरहून खाली येताना जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णा संगमावर चांगदेव हे गाव लागते. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्यांचे पत्र लिहिले, त्या योगी चांगदेवांच्या नावाचे प्राचीन देवालय येथे आहे; जवळच मुक्ताबाईचे स्थान असल्याने वारकऱ्यांची ये-जा असते. (चाळीसगावनजीक पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखातील चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, दोघांची गल्लत करू नये.) या देवालयाचे दगडकाम पाहताना आणखी एक विचार मनात येतो. खानदेशातील जुनी पाषाणमंदिरे बहुतेक मुख्य नदीपासून दूर आहेत. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरसमूह बुराईच्या काठी आहे, पाटण डोंगराच्या कुशीत आहे. तापीलगतच्या गाळात बांधकामाचा दगड जवळपास मिळत नाही. विटा व माती यांवरच काम भागवावे लागते, आणि विटांची वास्तू कोसळली की तिचा ढिगारा होतो. तापीकाठी मंदिरे कमी होती असे म्हणण्यापेक्षा टिकली कमी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

तो ढिगारा म्हणजेच पांढर. पांझरेच्या संगमावरील मुडावद येथे कपिलेश्वराचे दर्शन घेऊन पुढे प्रकाशे गाठावे. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. 1998 पूर्वी ते धुळे जिल्ह्यातच होते. गोमाई येथे तापीस मिळते. संगमेश्वर, केदारेश्वर इत्यादी मंदिरांमुळे यास दक्षिण काशी म्हणतात, आणि काशी करून आल्यावर येथे आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. भाविक मंदिरांकडे जातात. अभ्यासकाने पांढरीकडे जावे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी 1954-55 मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारापर्यंत वस्तीचे चार कालखंड आढळले. पहिल्या व दुसऱ्या कालखंडांच्या दरम्यान वस्तीत खंडही पडलेला दिसला. सर्वांत खालच्या थरांत माळव्याच्या पद्धतीची रंगीत खापरे, त्यानंतर दख्खनमधील जोर्वे पद्धतीची आणि तिच्यासमवेत गुजरातेतील चकचकीत तांबडी भांडी मिळाली. उत्तर, दक्षिण व पश्चिम अशा तिन्ही दिशांच्या खुणा एका उतारापाशी एकत्र आल्या, त्याही लोखंड येण्यापूर्वी. पुढे गंगेच्या खोऱ्यातील काळी झिलईदार भांडीही येथवर पोहोचलेली दिसतात. रो आणि ताव्हेर्निए ज्या प्रकारच्या वाटेने गेले, तिचा वहिवाट-हक्क किमान तीन हजार वर्षांचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र आज उतार दाखवावा म्हटले तर तो दाखविता येत नाही. हतनूरच्या धरणाने वरच्या बाजूस, आणि सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशे येथील बॅरेजेसनी खालच्या बाजूस पाणी अडविले आहे. शेतीस त्याचा लाभ आहे, हे निर्विवाद. पण जेथे मार्गशीर्षानंतर गाड्या उतरत, तेथे आता बारमाही पाणी असते, आणि पुलावरून जाणाऱ्यास खाली काय बुडाले याची कल्पना येत नाही. पांढरींची स्थिती याहून बिकट आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल जुनी आहे. पावसाळ्यात कडा ढासळतात ते वेगळेच. थापर यांचे खड्डे पांढरीच्या लहानशा भागापुरते होते, आणि खानदेशातील इतर बहुतेक पांढरींना कुदळ लागली ती शेतकऱ्याची. ज्या गावाच्या नावावरून सावळदा संस्कृती ओळखली जाते, ते सावळदेही तापीकाठचेच.

सहलीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील संग्रह आधी पाहावा आणि कोरड्या ऋतूत निघावे. वाटेतील गावच्या वृद्धांना एकच प्रश्न विचारावा : पूल होण्यापूर्वी नदी कोठून उतरत असत? उत्तरादाखल बोट दाखविले जाईल ती जागा नकाशावर टिपावी, तिच्या वरच्या कडेची पांढर मोजावी आणि उघड्या पडलेल्या थरांतील खापरे जागच्या जागी ठेवूनच त्यांची नोंद करावी.