शेततळ्याला शिडी का हवी?

जालना जिल्ह्यातील भोकरदनसारख्या कोरडवाहू भागात पाणी साठवण्यासाठी शेततळी खोदतात. राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आल्यावर ती गावोगाव दिसू लागली. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांत प्लास्टिकचे अस्तर अंथरतात. अशा तळ्यांत मुले, आणि त्यांना वाचवायला उतरलेली मोठी माणसेही, बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार येतात. पोहता येणाराही यात का अडकतो?

उत्तर घर्षणात आहे. तळ्याची बाजू १ मीटर उंचीला १.५ मीटर आडवी असेल, तर तिचा कोन सुमारे ३४ अंश होतो. त्यावर न घसरता उभे राहायला घर्षणांक किमान ०.६७ लागतो, ४५ अंशांच्या उतारावर तो १ लागतो. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर तो याहून पुष्कळच कमी असतो. पाण्यात शरीर हलके होते, मग चढणे सोपे नाही का? नाही. प्लावक बलामुळे पायावरचा भार घटतो, आणि त्याच प्रमाणात घर्षणही घटते. शिवाय बाहेर येऊ लागताच वजन परत येते, त्यात भिजलेल्या कपड्यांची भर पडते.

जुन्या बारवांना पायऱ्या होत्या. इथे ते काम शिडीने करायचे. ६० किलो वजनाच्या माणसाला ३४ अंशांच्या उतारावर घर्षणाशिवाय धरून ठेवायला सुमारे ३३ किलो वजनाइतकी ओढ लागते. म्हणून शिडी अस्तराला नव्हे, तर बांधाबाहेर पक्क्या रोवलेल्या खांबाला बांधावी. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तेव्हा ती तळापर्यंत पोचायला हवी. दोन पायऱ्यांतले अंतर सुमारे ३० सेंटिमीटर ठेवले तर मुलांचाही पाय पोचतो. दोराची शिडी अस्तर फाडत नाही. काथ्या मात्र पाण्यात कुजतो. समोरासमोर निदान दोन शिड्या असाव्यात. दोराची झीज दर हंगामात तपासावी.

घरच्या अंगणातील, जमिनीवर उभ्या केलेल्या पोहण्याच्या टाकीला मात्र नियम थोडा वेगळा आहे. तिथे बाहेरची शिडी चढूनच लहान मूल पाण्यात पडते. म्हणून वापर संपताच ती काढून ठेवावी. शेततळ्यात आतली शिडी कायम हवी आणि भोवती कुंपण हवे. आत जाणे अवघड, बाहेर येणे सोपे, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

वर्गात हा प्रयोग करा. फळीवर प्लास्टिकचा कागद ताणून बसवा, त्यावर रबरी चप्पल ठेवून फळी हळूहळू उचला. चप्पल घसरते त्या क्षणी फळीच्या टोकाची उंची भागिले तिचा पाया, हा झाला घर्षणांक. आधी कोरड्या, मग ओल्या आणि शेवटी साबण लावलेल्या कागदावर तो मोजा. मिळालेले आकडे ०.६७ शी ताडून पाहायला सांगा. प्रत्यक्ष तळ्याकडे मात्र मुलांना नेऊ नका. ज्यांच्या शेतात तळे आहे, त्यांनी घरी जाऊन एवढेच विचारावे : आपल्या तळ्याला शिडी आहे का?