साके : तांदळाला चढलेली नशा

‘साके’ हा शब्द जपानी भाषेत कोणत्याही मद्याला लागतो. जपानबाहेर ज्याला साके म्हणतात, त्याला जपानी माणूस ‘निहोन्शु’, म्हणजे जपानी मद्य, म्हणतो आणि तिथला कायदा ‘सेइशु’, म्हणजे निवळ मद्य. ‘राइस वाइन’ हे तिचे प्रचलित नाव मात्र फसवे आहे. द्राक्षात साखर आयतीच असते. यीस्ट मिळाले की रस आंबू लागतो. तांदळात असते ते पिष्ट, आणि पिष्टापुढे यीस्टचे काही चालत नाही. आधी त्याची साखर व्हावी लागते. बिअर करणारे त्यासाठी बार्लीला मोड आणतात. साकेत हे काम बुरशी करते.

या बुरशीचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरून तो उबदार, दमट खोलीत सुमारे दोन दिवस ठेवला, की दाण्यांवर पांढरी लव धरते. हीच ‘कोजी’. मिसो आणि सोया सॉसही तिच्याच जिवावर तयार होतात. कोजीच्या साह्याने मद्य गाळण्याची ही परंपरागत विद्या २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल झाली.

कोजी, वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच टाकीत नांदतात. एकीकडे बुरशीची विकरे पिष्टाची साखर करतात, दुसरीकडे यीस्ट तिचा लगेच फडशा पाडते. साखर हप्त्याहप्त्याने मिळत असल्यामुळे यीस्ट दमत नाही आणि अल्कोहोलचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचते. बाटलीत भरण्यापूर्वी बहुधा पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात. टाकीही एकदम भरत नाहीत. चार दिवसांत तीन वेळा भर घालतात आणि दुसरा दिवस मोकळा सोडतात, म्हणजे यीस्टला वाढायला उसंत मिळते. त्या दिवसाला ‘ओदोरी’, अर्थात नाच, असे नाव आहे.

तांदूळही साधा चालत नाही. १९२३ मध्ये ह्योगो प्रांतात झालेल्या संकरातून आलेल्या आणि १९३६ मध्ये नाव मिळालेल्या ‘यामादा निशिकी’ या जातीला मोठा मान आहे. तिचा दाणा टपोरा, आणि पोटात पिष्टाचा पांढरा गाभा. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिने आणि स्निग्धांश चव जड करतात, म्हणून ते घासून काढतात. जेवणाच्या पांढऱ्या तांदळाचा साधारण दहावा हिस्सा जातो; ‘गिंजो’ साकेसाठी किमान ४० टक्के, तर ‘दाईगिंजो’साठी निम्मा दाणा घालवतात. हातसडीच्या तांदळाचे गुण गाणाऱ्यांना ही उधळपट्टी वाटेल. लेबलावर छापलेला आकडा मात्र उरलेल्या दाण्याचा असतो, गेलेल्याचा नव्हे. ‘जुनमाई’ म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके.

पाण्याची गोष्ट तर दंतकथेसारखी आहे. १८४०च्या सुमारास यामामुरा ताझाएमोन या मद्यव्यावसायिकाचे उओझाकी आणि निशिनोमिया अशा दोन गावांत कारखाने होते. निशिनोमियाची साके सरस उतरे. त्याने तांदूळ सारखा केला, कारागीरही अदलून पाहिले. फरक कायम राहिला. शेवटी निशिनोमियाचे पाणी उओझाकीला नेले आणि कोडे सुटले. त्या ‘मियामिझू’ पाण्यात लोह अत्यल्प, पण यीस्टला पोसणारी फॉस्फरस आणि पोटॅशियमसारखी खनिजे भरपूर. त्यावर या गावांच्या नादा परिसराची करकरीत साके नावारूपाला आली. क्योतोतल्या फुशिमीचे पाणी त्या मानाने मृदू, म्हणून तिथली साके सौम्य.

पिण्याच्या बाबतीत साके बहुतेक मद्यांपेक्षा मोकळी आहे : तीच बाटली थंड, साधी किंवा गरम पिता येते. जपानीत ५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंतच्या टप्प्यांना नावे आहेत. ५ अंशांची साके ‘हिमगार’, ३५ अंशांची ‘अंगाच्या उबेची’. फळाफुलांचा गंध असलेली गिंजो १० अंशांच्या आसपास खुलते. तापवली की गंध उडून जातो. भरदार जुनमाई ४०-४५ अंशांना गोलाई धरते. गरम साके म्हणजे हलका माल, हा समज त्यामुळे खोटा आहे. तापवायची ती गरम पाण्यात ‘तोक्कुरी’ ही सुरई ठेवून, थेट आचेवर नाही. नवख्याने एकच जुनमाई थंड, साधी आणि कोमट अशी ओळीने चाखावी. महागड्या दाईगिंजोपेक्षा ही शिकवणी स्वस्त आणि खरी.

सोबत पाणी प्यायची प्रथा आहे, आणि ती पाळावी. अल्कोहोल वाइनपेक्षा थोडे जास्तच असते. खाण्यात मासे, लोणची, भाजलेले पदार्थ जुळतात. मंडळीत बसल्यावर आपला पेला स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात.

साके सहसा वर्षभराच्या आत संपवावी. मुरवलेली ‘कोशु’ हा अपवाद. प्रकाश आणि उष्णता दोन्ही तिला मारक, आणि उष्णतेने निर्जंतुक न केलेली ‘नामाझाके’ तर फ्रिजमध्येच ठेवावी लागते. उघडलेली बाटली आठवडाभरात संपली नाही, तर उरलेली माशाच्या रश्श्यात घालता येते; जपानी स्वयंपाकात ती उग्र वास मारण्यासाठी सर्रास वापरतात.