विश्लेषण : ‘दत्तक शाळा’ योजनेचा ओघ जळकोटपर्यंत पोहोचेल का?

सरकारी शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये आणली. शाळांना मदत मिळत असेल तर ती हवीच. पण ती कुठे आणि कशासाठी मिळते, हा प्रश्न उरतो. नांदेडच्या सीमेला लागून असलेल्या, कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुक्यासाठी तो अधिक कळीचा आहे.

योजना काय आहे?

व्यक्ती, कंपनी किंवा संस्थेला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घेता येते. मदत रोख नव्हे, तर वस्तू व सेवांच्या रूपात द्यायची आहे. ‘अ’ आणि ‘ब’ वर्ग महापालिकांतील शाळेसाठी पाच वर्षांना २ कोटी, दहा वर्षांना ३ कोटी रुपये असे मूल्य ठरले. ग्रामीण शाळेसाठी ते अनुक्रमे ५० लाख आणि १ कोटी आहे. या मोबदल्यात देणगीदाराला त्या काळापुरते आपले नाव शाळेला देता येते.

निधी कुठे जातो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यात कंपनीचे काम जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. त्यामुळे मुंबई, पुण्याच्या पट्ट्याला स्वाभाविकच झुकते माप मिळते. मोठ्या उद्योगांपासून दूर असलेल्या तालुक्याला ‘शेजारी’ कंपनी कुठून मिळणार?

मराठवाड्याचा अनुभव काय सांगतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात नेऊन शिकवले. संकटात ते आवश्यकच होते. पुढे २००९ मध्ये याच संघटनेने बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ उपक्रम सुरू केला. आधी मुले चांगल्या शाळेकडे नेली, मग काम गावच्या शाळेत आले. आणि दुसऱ्या वाटेत भर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर होता. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’नेही मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार करण्याची पद्धत रुजवली. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

देणगीने काय सुटत नाही?

शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. ती पदे भरणे सरकारचेच काम आहे. दिवाळीच्या सुमारास पालकांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांवरच्या मुलांना डिजिटल फळा थांबवू शकत नाही. त्यांना गावातच राहण्या-जेवण्याची सोय, म्हणजे हंगामी वसतिगृह लागते. शिवाय २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचारही २०२३ मध्येच पुढे आला. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याची आकडेवारी तेव्हा समोर आली होती. शाळाच राहील की नाही याची खात्री नसेल, तर ती पाच वर्षांसाठी कोण दत्तक घेईल?

मग मार्ग कोणता?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कायदेशीर जबाबदारी आहे. देणगीदाराने काय द्यायचे हे या आराखड्यावरून ठरले, तर रंगरंगोटीआधी वाचनाची पुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण किंवा स्थलांतराच्या काळातील मुलांची सोय पुढे येऊ शकते. कंपन्यांचा निधी मागास तालुक्यांकडे वळवण्यासाठी मात्र सरकारलाच पुढाकार घ्यावा लागेल. ज्या लातूरच्या शिक्षण पॅटर्नचे नाव राज्यभर घेतले जाते, त्याच जिल्ह्यातील तांड्यावरचे मूल तिसरीत नीट वाचू लागले का, यावरच या दातृत्वाचे मोल ठरेल.