मूळ संचात नसलेला क्लॅश

नाटकाच्या जाहिरातीत कोपऱ्यात ‘मूळ संचात’ असं छापलेलं असलं की तिकीट काढणाऱ्याचा हात जरा सैल सुटतो. रिप्लेसमेंट झालेल्या प्रयोगालाही आपण जातो, नाही असं नाही; पण मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर ‘तो असताना हा प्रवेश काय रंगायचा!’ हे व्हायचंच. पंक संगीताच्या चाहत्यांमध्ये हाच मध्यंतरातला वाद एका बँडवरून गेली चाळीस वर्षं चालू आहे. बँड लंडनचा, नाव द क्लॅश.

१९७६ साली उभा राहिलेला हा बँड. जो स्ट्रमर गाणार आणि शब्द लिहिणार, मिक जोन्स गिटार वाजवणार आणि चाली बांधणार, पॉल सिमनन बासवर, टॉपर हेडन ड्रम्सवर. या चौघांनी १९७९च्या डिसेंबरात ‘लंडन कॉलिंग’ हा जोड-अल्बम एका अल्बमच्या किमतीत काढला आणि पंकच्या तीन सुरांच्या आरडाओरड्यात रेगे, जॅझ, रॉकाबिली असं सगळं आणून बसवलं. पुढे १९८३च्या सप्टेंबरात स्ट्रमर आणि सिमनन यांनी जोन्सलाच बँडबाहेर काढलं. मॅनेजर बर्नी ऱ्होड्सची त्यांना फूस होती. जोन्सच्या जागी निक शेपर्ड आणि व्हिन्स व्हाइट असे दोन गिटारवादक आले, ड्रम्सवर पीट हॉवर्ड आधीच आलेला होता. व्हाइटचं खरं नाव ग्रेग. हे नाव रॉकवाल्याला शोभत नाही म्हणून तेही बदलण्यात आलं! नवी मंडळी आठवड्याच्या पगारावर. या संचाचा एकच अल्बम निघाला, १९८५च्या नोव्हेंबरातला ‘कट द क्रॅप’, आणि वर्ष पालटता पालटता बँड संपला.

एक पक्ष म्हणतो, जोन्स गेला त्या दिवशीच क्लॅश संपला. पुढचं सगळं नावावर खपवलेलं. दुसरा म्हणतो, स्ट्रमर माइकसमोर उभा होता ना? मग तो क्लॅशच. गंमत अशी की दोन्ही पक्ष पुरावा म्हणून तोच एक अल्बम पुढे करतात.

मुळात ‘मूळ संच’ म्हणायचं कुणाला? १९७७च्या पहिल्या अल्बमवर ड्रम्स टेरी चाइम्सचे आहेत. तो तेव्हाच बाहेर पडत होता, तर वेष्टनावर त्याचं नाव चेष्टेनं ‘टोरी क्राइम्स’ असं छापलं. टोरी म्हणजे तिथला हुजूर पक्ष. म्हणजे ज्याच्यासाठी चाहते हळहळतात तो टॉपर हेडन स्वतःच रिप्लेसमेंट. पुढे हेरॉइनच्या व्यसनापायी १९८२ साली त्याला काढलं, तेव्हा त्याचंच ‘रॉक द कॅस्बा’ बाहेर पडायच्या बेतात होतं. त्या गाण्याचे ड्रम्स, पियानो, बास, तिन्ही एकट्या हेडननं वाजवलेले. व्हिडिओत मात्र ड्रम्समागे परत आलेला चाइम्स दिसतो. अमेरिकेत हे गाणं पहिल्या दहात गेलं. कुणी तक्रार केली नाही.

आणि बासचं काय? १९८०च्या ‘सँडिनिस्टा!’ या तीन तबकड्यांच्या अल्बमवर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ नावाचं गाणं आहे. त्यातली फिरून फिरून येणारी बासची ओळ सिमननची नाही. तो सिनेमाच्या चित्रीकरणाला गेला होता. ती वाजवली नॉर्मन वॉट-रॉय यानं. हा गृहस्थ १९५१ सालचा, जन्म आपल्या मुंबईतला, लहानपणीच इंग्लंडला गेलेला. ‘कट द क्रॅप’वरचं बासचं बरंचसं कामही त्याचंच. एका अल्बमवर त्याचं कौतुक, दुसऱ्यावर ‘बघा, सिमननसुद्धा नाही’ अशी ओरड. माणूस तोच, बोटं तीच.

आता ‘कट द क्रॅप’ हेडफोन लावून ऐकावा. निर्माता म्हणून नाव आहे ‘होजे उनिदोस’. असा इसम नव्हताच; ते बर्नी ऱ्होड्सचं टोपणनाव. गाण्यांवरही स्ट्रमरच्या जोडीला त्याचंच नाव. म्युनिकमध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि हॉवर्डसारखा दणकेबाज ड्रमर पदरी असताना त्याच्या जागी ड्रम मशीन लावलं. पहिलंच गाणं ‘डिक्टेटर’ घ्या. गिटार कुठे आहे ते शोधावं लागतं. वरून सिंथेसायझरचे भोंगे आणि कुठल्या कुठल्या आवाजांचे तुकडे अंगावर येतात. मग प्रत्येक धृपदाला फुटबॉलच्या मैदानात ओरडावं तसा घोळका. १९८४च्या मैफलींत चाहत्यांनी चोरून रेकॉर्ड केलेलं हेच गाणं ऐकलं, तर दोन गिटारी एकमेकींच्या मागे धावताना स्वच्छ कळतात. नवी पोरं वाजवणारी होती. अल्बमवर ती जेमतेमच पोचली.

ड्रम मशीनला मात्र उगाच दोष देऊ नये. त्याच सुमारास हाकललेल्या जोन्सच्या नव्या बँडचा, बिग ऑडिओ डायनामाइटचा, पहिला अल्बम आला. त्यातही ड्रम मशीन, सिनेमांतल्या संवादांचे तुकडे, सगळं आहे, आणि ऐकायला ते आजही ताजं. फरक मशीनसमोर बसलेल्या माणसाचा. काय ठेवायचं, काय गाळायचं हे सांगणारा कान जोन्सकडे होता, आणि त्या खुर्चीत मॅनेजर येऊन बसला. माझ्या लेखी रिप्लेसमेंट तिथे फसली, रंगमंचावर नाही.

‘धिस इज इंग्लंड’ तेवढं तरलं. सुरुवातीला बाजारातल्या विक्रेत्याची आरोळी, खाली मशीनचा थंड ठोका, आणि स्ट्रमरचा थकलेला आवाज. थॅचरबाईंच्या काळातल्या बेकारीच्या इंग्लंडला तो निर्जीव ठोका शोभून दिसतो. ब्रिटनमध्ये ते २४व्या क्रमांकापर्यंत गेलं. बाकी अल्बम बँडनंच दडवला म्हणावं लागेल: २०१३ साली निघालेल्या मोठ्या संचपेटीत पहिले पाच अल्बम आहेत, सहावा नाही. २००३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पाच नावं गेली. त्यांत चाइम्स आहे. शेपर्ड, व्हाइट, हॉवर्ड नाहीत.

या तिघांची बाजू मांडायची झाली तर मी अल्बम बाजूला ठेवून १९८५चा मे महिना सांगेन. नव्या संचातले पाचही जण लंडनहून निघाले ते वाटेत गाड्यांना हात करत. ना मॅनेजर, ना अँप्लिफायर, ना तिकिटं. नॉटिंगहॅमपासून स्कॉटलंडपर्यंत फुटपाथवर, पुलांखाली, पबबाहेर उभं राहून साध्या गिटारींवर गायचे आणि टोपीत पडेल त्यावर जेवायचे. अडीच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘द हू’ या बँडच्या आधी वाजवणारा हा बँड. ड्रमसेट बरोबर नव्हता, म्हणून हॉवर्ड हाताला लागेल त्यावर काड्या वाजवायचा.