वर की खाली?

मुलांनो, झाडावरून सुटलेला आंबा नेहमी खालीच पडतो. पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते. या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात.

प्रत्येक पदार्थात इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना अगदी तसाच, पण धन विद्युतभाराचा कण सापडला. अशा उलट कणांच्या पदार्थाला प्रतिद्रव्य म्हणतात. द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांना भेटले, की दोन्ही नाहीसे होतात आणि ऊर्जा बाहेर पडते.

मग प्रतिद्रव्य खाली पडेल की वर जाईल? आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार ते खालीच पडायला हवे. पण ते पडताना कोणी पाहिले होते?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी प्रतिहायड्रोजनचे अणू तयार केले. ते ठेवायचे कशात? भांडे तर द्रव्याचेच! म्हणून उभ्या नळीत चुंबकांच्या साहाय्याने त्यांना अधांतरी कोंडून ठेवले. मग वरच्या व खालच्या चुंबकांचा जोर हळूहळू कमी केला. १०० पैकी सुमारे ८० अणू खालून निसटले. बाकीचे वरून का गेले? कारण अणू सतत धावत असतात. साधा हायड्रोजनही असाच वागला असता. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला.

अणू लाटेसारखाही वागतो. या गुणाचा उपयोग करून हीच मोजणी अधिक अचूक करता येईल.

पाहिलेत ना? सर्वांना खरी वाटणारी गोष्टही विज्ञान प्रयोग करून तपासते.