जुन्या चित्रफितींचे जतन

शाळेच्या जुन्या चित्रफिती संगणकावर उतरविताना पुढील गोष्ट ध्यानी घ्यावी. पाल पद्धतीत सेकंदास 25 चित्रे असतात. परंतु प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांचे बनते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोहोंत 1/50 सेकंदाचे अंतर. ती एकत्र दाखविताच लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या हातांना फणीच्या दातांसारख्या रेषा फुटतात.

उपाय असा : प्रत्येक अर्धचित्रापासून पूर्ण चित्र करवून सेकंदास 50 चित्रे ठेवावीत. हँडब्रेक या विनामूल्य प्रणालीत यासाठी ‘बॉब’ हा पर्याय आहे. 25 चित्रे ठेवल्यास हालचालीचा ओघ तुटतो. अर्धचित्रांचा क्रम चुकल्यास चित्र मागेपुढे थरथरते. म्हणून आधी लेझीमचा लहानसा तुकडा करून पाहावा. आकारबदल यानंतरच करावा. आधी केल्यास ओळी एकमेकींत मिसळतात. 4:3 चित्रास 768 × 576 आकार, एच.264 चित्र, एएसी ध्वनी व एमपी4 फाइल योग्य होय.

मूळ फाइल मात्र कदापि पुसू नये. डिंभे जलाशयात बुडालेल्या जुन्या आंबेगावचे चित्रण कोणा शाळेच्या कपाटात असल्यास ते पुन्हा घेता येणार नाही.